बत्तीस वेळा सोलापूर

आमच्या पेट्रोलच्या गाडीला एलपीजी गॅसचे किट बसवावे की नाही, या प्रश्नावर आमच्या घरी जेवढा खल झाला, तेवढा माझे लग्न ठरवतानाही झाला नव्हता. निमित्त पंपावर घडले. हजाराचे पेट्रोल घेऊनही काटा जेमतेम पाव टाकीपर्यंत सरकला, आणि काटाच बिघडला असावा अशी मी मनापासून आशा केली. पण तो शाबूत होता.

मग सीएनजी का नाही, असे पुण्यातला कोणीही विचारील. सीएनजीच्या रांगेत मी एकदा मित्राच्या गाडीत बसलो आहे. शिवाय तो गॅस २०० बार दाबाने भरायचा, म्हणून त्याचे जाडजूड सिलिंडर सगळी डिकी बळकावते. एलपीजी थोड्याच दाबाखाली द्रव होतो आणि त्याची गोल, पसरट टाकी स्टेपनीच्या खड्ड्यात मावते. या शेवटच्या वाक्यावर मी भाळलो.

घरच्यांना मात्र गॅस म्हटले की एकच गोष्ट आठवते. १९९६-९७ च्या सुमारास आमच्या आळीतील एका गृहस्थांनी व्हॅनमध्ये मागच्या सीटखाली चक्क घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर बसवला होता. एलपीजीवर गाडी चालवण्याची सोय कायद्याने झाली ती २००० सालच्या दुरुस्तीनंतर, आणि घरगुती सिलिंडर गाडीला लावणे आजही गुन्हाच आहे. परंतु त्या काळी आळीला त्यांचे कौतुक होते. एका रात्री पाहुणे जेवायला बसले असताना पिठले अर्ध्यात असतानाच शेगडी विझली. यजमान पाना घेऊन खाली गेले, गाडीचा सिलिंडर खांद्यावर टाकून वर आले, आणि पिठले झाले. त्यानंतर स्टेशनवर जायला पाहुण्यांना रिक्षा शोधावी लागली.

हे सगळे आठवून सासऱ्यांनी "पोटाखाली बॉम्ब घेऊन फिरणार का, जावईबापू?" असे विचारले. गॅस गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो, असे मी समजावले. "म्हणजे आधी वास, मग स्फोट," असे म्हणून त्यांनी पेपर उघडला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरातील पार्किंगमध्ये जमिनीलगत साचतो, हे मला जिन्यात गाठून ऐकवले. दुर्दैवाने ते खरे आहे.

शेवटी मी हिशेबाला बसलो. पेट्रोल १०४ रुपयांच्या घरात आणि गाडी लिटरला १४ किलोमीटर देणारी. गॅस साठ रुपये धरला, पण त्याच्या लिटरमध्ये ऊर्जा कमी, म्हणून साडेअकराच किलोमीटर धरले. किलोमीटरमागे बचत सुमारे २ रुपये २० पैसे. किट ३५ हजारांचे. म्हणजे पैसे वसूल व्हायला १६ हजार किलोमीटर हवेत, आणि आमची गाडी वर्षाला धावते जेमतेम सहा हजार. आरसी बुकावरची नोंद, विमा कंपनीला कळवणे आणि ठरावीक मुदतीने टाकीची तपासणी हे सारे वेगळेच. कागद बायकोने पाहिला आणि क्षणभर विचार करून ती म्हणाली, "सोपं आहे. सोलापूरला बत्तीस वेळा जाऊन आलो की किट फुकट. फक्त दर खेपेला चादरी घ्यायच्या नाहीत."

तरीही मी गॅरेज गाठले. मिस्त्री सरळ माणूस होता. इंजिन गरम होईपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालेल, त्यामुळे पेट्रोल सुटणार नाही. पिकअप थोडा पडेल. व्हॉल्व्हकडे लक्ष ठेवावे लागेल. टाकी ३५ लिटरची असली तरी भरायची २८ लिटरच, कारण उन्हाने गॅस फुगायला जागा लागते. पस्तीस लिटरच्या टाकीत सात लिटर जागा फुगण्यासाठी राखून ठेवणारी ही व्यवस्था मला आमच्या घरातील वादविवादांपेक्षा शहाणी वाटली.

"टाकी कुठं बसंल, दाखवतो," असे म्हणून त्याने डिकीतली चटई उचलली. त्या खड्ड्यात नऊ वर्षांत कोणीही डोकावले नव्हते. आत आंब्याच्या पेटीतला पेंढा, वाळून दगड झालेली एक कोय, हरवल्याबद्दल मोलकरणीवर संशय घेतलेली आमची किसणी आणि स्टेपनी निघाली. मिस्त्रीने स्टेपनीवर अंगठा दाबला. तो सहज आत गेला.

"साहेब, गॅसचं नंतर बघू," तो म्हणाला. "हिच्यात आधी हवा भरा."

मी हवा भरली, किसणी पिशवीत घातली आणि पेट्रोलवर घरी आलो. दारातच सासऱ्यांनी "भरला का गॅस?" असे विचारले. मी "भरून आणली" एवढेच म्हणालो, आणि लिंगभेदाकडे कोणाचे लक्ष जाण्याआधी किसणी ओट्यावर नेऊन ठेवली.