निशापूरचा पांढरा लेप: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. इराणमधील निशापूर आणि आजच्या उझबेकिस्तानातील समरकंद येथील १० व्या शतकातील भांड्यांवरच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत: पांढऱ्या मातीचा लेप ही चिनी भांड्यांची स्वस्त नक्कल होती, आणि चित्रे काढण्यास धर्माची मनाई असल्यामुळेच कुंभार अक्षरांकडे वळले.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. चिनी भांड्यांचा पांढरेपणा आपल्या भांड्यांवर यावा ही हौस त्या काळी इराकमधील बसऱ्यालाही होती आणि समरकंदलाही. मात्र बसऱ्याच्या कुंभारांनी कथिल घालून भांड्यावरची काचेसारखी झिलईच अपारदर्शक केली, तर निशापूर-समरकंदवर राज्य करणाऱ्या सामानी घराण्याच्या राजवटीतील कुंभारांनी लालसर भांडे पांढऱ्या मातीच्या पातळ लेपाने मढवून वर शिशाची पारदर्शक झिलई दिली. ही झिलई भट्टीत वितळली की तिच्याखालचे रंग ओघळतात. त्यावर तोड म्हणून त्यांनी काळा रंग मातीच्या लेपातच कालवला आणि त्याने लिहिले. त्यामुळे रंग जागचा हलत नाही. काही भांड्यांवर तर अक्षराची कड टोकदार हत्याराने खरवडून आणखी रेखीव केलेली दिसते. नुसती नक्कल करायची असती, तर एवढी खटपट कशासाठी?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील सुमारे ४६ सेंटीमीटर रुंदीचा वाडगा पाहावा. कामाआधी आखणी केली तर पश्चात्तापाची पाळी येत नाही, अशा अर्थाचे अरबी वचन आतल्या बाजूने काठालगत कुफी या कोनदार अरबी लिपीत फिरवले आहे, आणि अक्षरांच्या उभ्या दांड्या मध्याच्या दिशेने लांबवल्या आहेत. (वाडगा काठोकाठ भरला की उपदेश झाकला जाणार, हा भाग वेगळा.) पांढऱ्या पृष्ठभागाची ओढ चीनकडून आली असेल, त्यावर अक्षरे अशी मांडण्याचा धडा तिकडून आलेला नाही.

मनाईचा मुद्दा मात्र मला मुळीच पटत नाही. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९३५ पासून निशापूरला केलेल्या उत्खननात पिवळसर मातीची, पांढरा लेप न देता रंगवलेली भांडीही निघाली. त्यांवर घोडेस्वार, पक्षी आणि जनावरे पिवळ्या-हिरव्या रंगांत इतक्या दाटीने भरली आहेत की बोट ठेवायला जागा नाही. माझ्या नजरेला ती जरा अतीच वाटतात. समरकंदला ही तऱ्हा जवळजवळ आढळत नाही. दोन्ही शहरांत सत्ता सामानींची आणि धर्मही एकच, तेव्हा या फरकाचे कारण गिऱ्हाइकांच्या आवडीत आणि त्या त्या गावच्या कुंभारांच्या सवयीत शोधावे लागेल.