नमनाला घडाभर पिक्सेल

माझ्या लॅपटॉपवर 'जॅम' नावाचं एक फोल्डर आहे. ते उघडलं की आत आणखी सात फोल्डर निघतात: 'खेळ', 'खेळ_नवा', 'खेळ_पुन्हा', 'या_वेळी_नक्की', 'या_वेळी_नक्की_२', 'लहानच_ठेवायचा' आणि 'दार'. या सातांपैकी खेळता येतील असे खेळ दोन. त्यातला एक तर खेळच नाही, असं माझ्या धाकट्या बहिणीचं म्हणणं आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

गेम जॅम हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शुक्रवारी रात्री एक विषय जाहीर होतो, आणि रविवारी रात्रीपर्यंत त्या विषयावर एक अख्खा व्हिडिओ गेम बनवून द्यायचा. चित्रं, आवाज, कोड, सगळं. बक्षीस बऱ्याच ठिकाणी नसतंच. वादक मंडळी वाद्यं घेऊन बसतात आणि आयत्या वेळी काहीतरी जमवतात, त्यावरून हे नाव आलं. मराठीत ते जास्तच शोभतं. जमलं तर जॅम, नाही तर जाम.

२००२ साली सुरू झालेल्या लुडम डेअर या स्पर्धेचं नाव ऐकून मला बरीच वर्षं वाटत होतं की यातला 'डेअर' म्हणजे हिंमत. तो लॅटिन निघाला. खेळ देणे, असा त्याचा अर्थ. हिंमत मी दर वेळी दाखवतो, देणं तेवढं बाकी राहतं. तिथल्या कॉम्पो नावाच्या कडक प्रकारात ४८ तास, एकटा माणूस, चित्रं-संगीत त्याच वेळात घडवलेलं, आणि वर सोर्स कोडही, म्हणजे खेळामागचं सगळं लिखाणही, द्यायचा. म्हणजे आपण घर कसं आवरलंय हे पाहुण्यांना दाखवायचंच, शिवाय माळाही उघडून दाखवायचा. सैल प्रकारात ७२ तास मिळतात आणि सोबतीला माणसं चालतात. मी ज्या जॅममध्ये उतरतो त्या याहून पुष्कळ लहान असतात. घाम तेवढाच येतो.

तर, तयारी. पहिली तीन वर्षं माझी समजूत अशी होती की खेळ पुरा होत नाही याचं कारण इंजिन, म्हणजे ज्यात खेळ बनवतात ते सॉफ्टवेअर. अंगण वाकडं असतं तसं इंजिनही वाकडं असू शकतं, हे नाचता न येणाऱ्याला फार लवकर पटतं. म्हणून मी एकदा युनिटी, एकदा गेममेकर, एकदा गोडो असं करत फिरलो. प्रत्येकात पहिले सहा तास गेले ते उडी मारणारा माणूस फरशीतून खाली का पडतो हे शोधण्यात. तीन इंजिनं बदलली, माणूस तिन्हींतून पडला. तेव्हा कुठे लक्षात आलं की फरशी मीच घालत होतो.

त्यानंतर एका इंजिनावर बसलो आणि त्याहून मोठा गाढवपणा केला. स्पर्धा शुक्रवारी रात्री, आणि मी शुक्रवारी संध्याकाळी, उत्साहाच्या भरात, त्याची नवी मोठी आवृत्ती उतरवून घेतली. नव्या आवृत्तीत जुन्या वस्तूंची नावं बदललेली. मी पाठ केलेली प्रत्येक ओळ तांबड्या रंगात. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी येऊन सांगावं, मुळाक्षरं बदलली बरं का. दोष इंजिनाचा नव्हता. आवृत्ती बदलताना काय काय बदलतं ते त्यांनी सविस्तर लिहून ठेवलं होतं. मी ते सोमवारी वाचलं.

दुसरी तयारी रंगांची. मोजके रंग घ्या, चित्रं आपोआप एकमेकांशी जुळतात, हा सल्ला खराच चांगला आहे. पिको-८ नावाचं एक काल्पनिक, म्हणजे फक्त सॉफ्टवेअरच्या रूपात असलेलं, गेमयंत्र आहे, त्यात पडदाच १२८ बाय १२८ ठिपक्यांचा आणि रंग १६. तेवढ्यात लोक थक्क करणारे खेळ बनवतात, कारण निवडायला काही उरतच नाही. मी म्हटलं, आपणही चार रंग ठरवून ठेवू. ते चार रंग ठरवायला मला तीन रात्री लागल्या. चौथ्या रात्री कळलं की त्यातले दोन रंग माझ्या पडद्यावर वेगळे दिसतात आणि बहिणीच्या फोनवर एकच.

मग अक्षरं. खेळात मराठी असावं हा माझा हट्ट. ठिपक्यांच्या आठ ओळींत इंग्रजी अक्षर थाटात उभं राहतं. मराठीचा हिशेब मांडून बघा: शिरोरेघेला एक ओळ, वरच्या मात्रांना दोन, खालच्या उकाराला दोन. खुद्द अक्षराला उरल्या तीन. तीन ओळींत 'क' काढला तर तो चिरडलेल्या मुंगीसारखा दिसतो, आणि 'क्ष' काढला तर दोन मुंग्यांसारखा. बरं, तयार फॉन्ट घ्यावा, तर अक्षरं जोडण्याचं काम इंजिनाच्या आत कोणीतरी करावं लागतं. ते होत नसलं की 'प्रारंभ'चा 'प्' पाय मोडून एकीकडे आणि 'रारंभ' दुसरीकडे. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी यायची ती नंतर येऊन उभी राहते, लग्न लागल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखी. शेवटी मी जोडाक्षर नसलेले शब्द शोधायला लागलो. 'प्रारंभ' गेला, 'सुरू' आला. 'शत्रू' गेला, 'वैरी' आला. पण 'वैरी'ची दीर्घ वेलांटी वरून कापली गेली, म्हणून तोही गेला आणि 'तो' आला. 'तो येतोय' अशी पाटी पडद्यावर झळकते ती काही भीती दाखवायला नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र नशीब चांगलं. २००७ सालच्या एका लुडम डेअरच्या स्पर्धकांसाठी एकाने एसएफएक्सआर नावाचं छोटंसं साधन बनवलं. त्यात बटणं आहेत: नाणं, लेझर, स्फोट, उडी, मार. बटण दाबलं की त्या जातीचा एक नवा आवाज तयार. पुन्हा दाबलं की आणखी एक. आवाज शिकायला लागत नाही, नुसता निवडायला लागतो. आणि निवडायला लावलं की मी संपलो. रात्री साडेबाराला मी उडीचं बटण दाबत बसलो होतो. टुईंग. ट्विप. टुऊंई. प्रत्येक वेळी आताचा बरा की मघाचा, आणि मघाचा जपून ठेवलेला नसायचा. तासाभराने पलीकडच्या खोलीतून बहिणीचा आवाज आला, "दादा, त्या बेडकाला एकदाचं काय ते होऊ दे रे." जो आवाज त्या क्षणी वाजत होता तोच ठेवला.

मनाची तयारी ही याहून अवघड. अनुभवी लोक एकच वाक्य सांगतात: खेळ लहान ठेवा. मी मान डोलावतो, कारण माझा खेळ लहानच आहे अशी माझी खात्री असते. 'लहानच_ठेवायचा' या फोल्डरात त्या वेळचा कागद मी फोटो काढून ठेवलाय. शुक्रवारी रात्री अकरा: मोठं बेट, चार गावं, गावागावांत वैर. शनिवारी सकाळी चार गावांची दोन झाली. दुपारी एक, आणि वैर घरातल्या घरात. संध्याकाळी घर राहिलं, माणसं गेली, कारण माणसांना चालताना पाय हलवावे लागतात आणि पाय मला काढता येत नाहीत. रविवारी पहाटे नुसतं दार. सबंध वाड्याचा संसार आटत आटत चौकटीवर आला. दार उघडेल असं ठरवलं होतं, पण उघडलं की पलीकडे काहीतरी दाखवावं लागतं.

दार न उघडणं हाच खेळ, असं वर्णनात लिहून मोकळा झालो. ते 'दार' फोल्डर. बहीण ज्याला खेळ मानत नाही, तो हाच. खरं सांगायचं तर मीही मानत नाही, पण दिलेल्या वेळेत दिला होता. एका अनोळखी खेळाडूने अभिप्रायात लिहिलं, 'एकटेपणाची जाणीव अस्वस्थ करून गेली.' आता त्याला काय सांगणार की पाय काढता येत नव्हते.

मनाच्या तयारीतच झोपही येते. पहिल्या जॅमला मी झोपलोच नाही आणि त्याचा मला अभिमान होता. रात्री तीनला मी कोडमध्ये टीप लिहिली: 'हे का चालतंय माहीत नाही. हात लावू नये.' सकाळी आठला ती टीप मीच वाचली, म्हटलं कोण हा अडाणी, आणि हात लावला. रविवारची दुपार त्यात गेली. तेव्हापासून माझा हिशेब असा आहे की रात्री दोन ते चार या वेळात मी जेवढं लिहितो ते निस्तरायला दिवसाचे चार तास लागतात. म्हणजे झोपलो तर दोन तास झोप आणि चार तास नफा. हा हिशेब मला दर वेळी सकाळी आठलाच सुचतो.

एवढं सगळं भोगल्यावर गेल्या वेळी एक शहाणपणाचं काम केलं. स्पर्धेच्या आधीच्या बुधवारी रंगीत तालीम घेतली, तीही खेळाशिवाय. एक शीर्षक, 'सुरू'चं बटण, बाणांनी हलणारा एक चौकोन, एक आवाज. बस. ते सगळं ब्राउझरमध्ये चालेल असं बांधून वर चढवलं, कारण अनोळखी माणसाची फाइल उतरवून घेऊन चालवण्यापेक्षा लोक दुव्यावर टिचकी मारणं पसंत करतात. माझ्या यंत्रावर चौकोन झकास हलत होता. वर चढवलेला उघडला, तर चौकोन गायब. पार्श्वभूमी आहे, बटण आहे, चौकोन नाही. दीड तासाने कळलं: फाइलच्या नावात मी पहिलं इंग्रजी अक्षर मोठं लिहिलं होतं आणि कोडमध्ये लहान. माझा लॅपटॉप घरचा माणूस, चालवून घेतो. बाहेरच्या जगात मोठं ते मोठं आणि लहान ते लहान.

मग आवाज नाही. ब्राउझर मंडळी पान उघडल्या उघडल्या आवाज करू देत नाहीत. बघणाऱ्याने आधी कुठेतरी टिचकी मारावी किंवा कळ दाबावी लागते. म्हणजे 'सुरू'चं बटण ही शोभा नव्हे, ती आवाजाची परवानगी आहे. हे मला आधी माहीत असतं तर मागच्या एका खेळाचं संगीत कुणीतरी ऐकलं असतं.

आणि तिसरं, मित्राच्या पडद्यावर. मी चौकोनाला प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक नव्या चित्राला, चार ठिपके सरकायला सांगितलं होतं. माझा पडदा सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे २४० ठिपके, रमतगमत. मित्राचा पडदा १४४ वाला. तिथे तोच चौकोन सेकंदाला ५७६ ठिपके पळाला आणि मी "कसा वाटतो?" विचारेपर्यंत पडद्याबाहेर निघून गेला. "कुठला?" मित्राने विचारलं. हालचाल फ्रेमवर नाही, गेलेल्या वेळावर मोजायची असते, हे मी चार ठिकाणी वाचलं होतं. वाचलेलं आणि पळालेलं यात फरक असतो.

या बुधवारीही तालीम झाली. या वेळी तर चौकोन बहिणीपुढे ठेवला आणि ठरवलं की तोंड उघडायचं नाही. हे सगळ्या तयारीतलं सगळ्यात अवघड काम. तिने आधी माउस हलवला. चौकोन ढिम्म. मग स्पेस दाबली. मी उडी एक्सवर ठेवली होती, का ते आठवत नाही. तिने स्पेस सात वेळा दाबली. माझा हात आपोआप कीबोर्डकडे गेला, तो मी दुसऱ्या हाताने धरला.

"दादा, यात करायचं काय?"

मी गप्प.

"बिघडलाय का?"

मी छताकडे बघितलं. तिने उरलेल्या कळा एकेक करून दाबल्या, एफ-११ सकट, आणि एक्सला हात न लावता उठून गेली. त्या रात्री उडी स्पेसवर आली. नऊ मिनिटांचं काम. त्यासाठी मी मागचे चार जॅम वाट पाहत होतो.

तर आज शुक्रवार. इंजिनाची जुनीच आवृत्ती, हात लावलेला नाही. चार रंग पक्के. उडीचा आवाज बेडकाचाच. रिकामा खेळ वर चढवून, उतरवून, पुन्हा चढवून झालाय. विषय कुठलाही आला तरी चालेल, कारण माझ्या डोक्यात चंद्रावर हरवलेल्या मांजरीचा खेळ तयार आहे. विषय 'नदी' आला तर मांजर नदीत ढकलायची, एवढंच. आणि पहिला तास कीबोर्डला शिवायचं नाही, कागदावर काढायचं, असं मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवलंय.

नऊ वाजले. पान ताजं केलं. विषय आला: 'एकाच कळेवर'. म्हणजे अख्खा खेळ एकच कळ दाबून खेळता यायला हवा. उजवीकडे चालणं, डावीकडे चालणं, उडी, वाकणं, माझी सगळी तालीम एका झटक्यात पाण्यात. मांजर आता फक्त एक गोष्ट करू शकते.

मी खोल श्वास घेतला, कोरा कागद पुढे ओढला, पेन उचललं. ते उमटेना. गिरवून पाहिलं, झटकून पाहिलं, कोपऱ्यात गोल गोल काढून पाहिलं. दोन बॅकअप, तीन चार्जर आणि सुटा माउस ठेवलेल्या माणसाकडे दुसरं पेन नव्हतं.

बहिणीच्या दारावर टकटक केली. तिने दार किलकिलं उघडलं, हातातलं मेलेलं पेन बघितलं, मागे वळून एक निळं आणून दिलं.

"रविवारपर्यंत परत दे," ती म्हणाली. "आणि दादा, स्पेस."