एचआरची गाऱ्हाणी ऐकायची कोणी?

२१ नोव्हेंबर २०२५ला जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि भारतातल्या एचआर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन गोष्टी एकदमच उसळल्या. पहिली म्हणजे आकडेमोड. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर जादा रक्कम वेतनातच धरायची, मग बेसिक किती ठेवायचं, पीएफचं काय, ग्रॅच्युइटीचं काय. दुसरा एक जुनाच वाद: सीएला सदस्यत्व लागतं, वकिलाला सनद लागते, मग एचआरला का नको? कोणीही उठतो आणि एचआर होतो, म्हणून आपल्याला किंमत नाही, असा एकंदर सूर. आणि या वादात कोणीतरी हमखास मला टॅग करतं: "मॅडम तिकडेच आहेत. ब्रिटनमध्ये एचआर चार्टर्ड असतात. त्यांना विचारा."

विचारलंच आहे तर सांगते. ब्रिटनमध्येही एचआरचं काम करायला कायद्याने कुठलाही परवाना लागत नाही. सीआयपीडी या एचआरवाल्यांच्या व्यावसायिक संस्थेच्या परीक्षा असतात, लेव्हल तीन, पाच, सात अशा पायऱ्या असतात, पुढे अनुभव दाखवून चार्टर्ड मेंबर आणि मग फेलो होता येतं. नोकरीच्या जाहिरातीत 'लेव्हल पाच किंवा तितकाच अनुभव' असं लिहिलेलं असतं, आणि त्या 'किंवा'मधून बरेच जण आत येतात. माझ्याकडे ती चार्टर्ड मेंबरशिप आहे. बायोडेटा चाळणीत अडकत नाही, एवढा तिचा उपयोग नक्की होतो. पण संचालकाने "या माणसाला शुक्रवारपर्यंत काढायचंय" असं सांगितलं आणि मी "प्रक्रिया झाल्याशिवाय नाही" म्हटलं, तेव्हा ती मेंबरशिप माझ्या मदतीला आलेली मी तरी पाहिलेली नाही. मदतीला आली ती माणसं.

भारतातल्या वादात हीच गोष्ट उलटी मांडली जाते. आधी सनद, मग मान, मग संघटन. इतिहासाचा क्रम वेगळा आहे. १८९६मध्ये यॉर्कच्या राउंट्री कारखान्यात मेरी वुड नावाच्या बाईंना कामगार मुलींच्या देखभालीसाठी नेमलं गेलं. हळूहळू इतर कारखान्यांतही अशा कल्याण-कर्मचारी आल्या, बहुतेक स्त्रियाच. मालक त्यांना आपलं मानत नव्हते, कामगारांना त्यांचा संशय यायचा. १९१३मध्ये सीबॉम राउंट्री यांनी यॉर्कलाच भरवलेल्या परिषदेत अशा मूठभर लोकांची वेल्फेअर वर्कर्स असोसिएशन उभी राहिली. तीच नावं बदलत, इतर संस्थांमध्ये मिसळत आजची सीआयपीडी झाली. तिला शाही सनद मिळाली ती २०००मध्ये. म्हणजे एकमेकांशी बोलायची जागा आधी, आणि चार्टर सत्त्याऐंशी वर्षांनी.

आपल्याकडे हे पद वरून आलं. मुकादम आणि जॉबर भरतीत पैसे खातात म्हणून रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१च्या अहवालात लेबर ऑफिसर नेमायची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४९ने पाचशे कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आता नव्या संहितेत तो आकडा अडीचशेवर आला आहे. पद कायद्यानेच निर्माण झालं, त्यामुळे त्या पदावरच्या माणसाने आपल्यासारख्या दुसऱ्याला शोधावं अशी गरजच कोणाला वाटली नाही. संघटना झाल्या, आजही आहेत, शाखा आहेत. पण बहुतेक कार्यक्रम म्हणजे दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण, पुरस्कार, ग्रुप फोटो आणि घाईघाईत देवाणघेवाण झालेली व्हिजिटिंग कार्डं. "माझ्या एमडीने माझ्याकडून खोटं पत्र मागितलंय, काय करू?" हा प्रश्न तिथे विचारायचा कोणाला? पाहुण्यांना?

मग तो प्रश्न जातो व्हॉट्सॲपवर. या ग्रुपांची थट्टा करणाऱ्यांतली मी नाही. रात्री पावणेअकराला कोणी तरी लिहितं, "सर, अर्जंट. ॲबस्कॉन्डिंग केसमधलं (न सांगता कामावर यायचं बंद केलेल्याला काढण्याचं) टर्मिनेशन लेटर असेल तर पाठवा." अकराच्या आत तीन वर्ड फायली हजर. ही तत्परता मला इंग्लंडात आजवर दिसलेली नाही. इथे आधी ईमेल, मग वेळ ठरवायची, मग तासाभराची बैठक. पण त्या तीन फायली उघडून बघा. एकीत लेटरहेड पुसलंय, पण दुसऱ्या परिच्छेदात काढून टाकलेल्या माणसाचं नाव, एम्प्लॉयी कोड आणि वडिलांच्या आजारपणाचं त्याने दिलेलं कारण तसंच राहिलंय. दोन-अडीचशे अनोळखी माणसांच्या फोनवर ते आता कायमचं पडलं.

पुढचा मेसेज त्याहून वाईट असतो. उमेदवाराचं नाव, आधीची कंपनी आणि "फीडबॅक प्लीज." उत्तर येतं, "अव्हॉइड." खाली दोन अंगठे. त्या बिचाऱ्याला कधीच कळणार नाही की त्याची नोकरी कुठे गेली. लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत २०१३च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदार, आरोप असलेली व्यक्ती आणि साक्षीदार यांची ओळख उघड करायला मनाई करतं. नाव न घेता, पण विभाग, पद आणि 'मागच्या महिन्यात रुजू झालेली' एवढं सगळं सांगून सल्ला मागणारे मेसेज मी वाचलेत. सल्ला मागणारीचा हेतू चांगलाच होता. अंतर्गत समितीची सदस्य होऊन नव्वद दिवसांत चौकशी संपवायची, आणि घरी-दारी कोणाशी एक अक्षर बोलायचं नाही, हे ओझं असतंच. ते उतरवायला जागा नसली की माणूस असा ग्रुपवर मोकळा होतो.

पगाराचंही तसंच. "यंदा तुमच्याकडे इन्क्रिमेंट किती टक्के?" हा आपल्या ग्रुपांवरचा मार्च-एप्रिलचा ठरलेला प्रश्न. इथे हाच प्रश्न मी दुसऱ्या कंपनीतल्या मैत्रिणीला लेखी विचारला तर आमचे वकील झोपेतून उठतील. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने, म्हणजे सीएमएने, २०२३मध्ये मालकवर्गाला स्पष्ट समज दिली: आपापसात पगार ठरवणं, एकमेकांची माणसं न घेण्याचा समझोता करणं आणि अशी माहिती वाटून घेणं हे कार्टेलचेच, म्हणजे संगनमताने स्पर्धा मारण्याचेच प्रकार आहेत. अमेरिकेत न्याय खात्याने तर २०१६मध्ये खास एचआरवाल्यांसाठीच याबद्दल मार्गदर्शिका काढली. एचआरने एचआरला मदत करायची म्हणजे दर वेळी कर्मचाऱ्याचं भलंच होतं असं नाही, हे मला इथे येऊन नीट कळलं.

आता आम्हा एचआरवाल्यांची इथली मन मोकळं करायची जागा कशी असते ते सांगते. आम्ही सहा-सात जणी, एक पुरुष. सगळे वेगवेगळ्या उद्योगांतले, दोन स्पर्धक कंपन्यांतले कोणी नाही, ही पहिली अट. महिन्यातून एकदा भेटतो. एकाने आपली केस मांडायची, नावं आणि ओळखीच्या खुणा काढून. बाकीच्यांनी सुरुवातीला फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. ही पद्धत ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ रेग रेव्हन्स यांची. १९४०च्या दशकात कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना त्यांनी असंच एकमेकांसमोर बसवलं होतं. सल्ला न देता बसणं महाकठीण असतं, विशेषतः एचआरवाल्यांना, ज्यांचा पगारच सल्ल्याचा असतो. पण "तू हे संचालकाला लेखी कळवलंस का?" असा नुसता प्रश्न आला की समोरची गप्प होते आणि तिला स्वतःलाच उत्तर दिसतं.

एकदा एकीने मांडलेली केस अजून डोक्यात आहे. तिच्या कंपनीत नोकरकपात होती. नव्वद दिवसांत वीस किंवा जास्त लोक काढायचे असतील तर इथे किमान तीस दिवस आधी सल्लामसलत सुरू करावी लागते, शंभर किंवा जास्त असतील तर पंचेचाळीस. तिने वेळापत्रक आखलं, निकषांचा तक्ता केला, पत्रांचे मसुदे केले, प्रत्येक बैठकीत मॅनेजरच्या शेजारी बसली. शिस्तभंगाच्या सुनावणीला कर्मचारी १९९९च्या कायद्याने सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी सोबत आणू शकतो. मॅनेजरसोबत एचआर असते. एचआरसोबत कोणी नसतं. यादी सरकत सरकत तिच्या स्वतःच्या पदापर्यंत आली, आणि तिच्या नावाचं पत्र तिने केलेल्याच मसुद्यातलं होतं, फक्त नाव बदललेलं. पुढची नोकरी तिला या मंडळातल्याच एकीच्या शब्दावर मिळाली. त्या एकीला माहीत होतं की हिने ती कपात किती नीटपणे केली होती. कंपनीतल्या कोणालाही ते सांगता आलं नसतं, कारण व्यवस्थापनाच्या दृष्टीने नीट म्हणजे गाजावाजा न होता, आणि गेलेल्यांच्या दृष्टीने ती शेवटी काढणारीच.

आमच्या व्यवसायात करिअर आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत असं मी म्हणते ते यासाठी. विक्रीवाल्याकडे आकडे असतात, इंजिनिअरकडे मशीन चालताना दिसतं. आमचं चांगलं काम बहुतेक वेळा न झालेल्या गोष्टींत असतं: न झालेला संप, न झालेली केस, टळलेला राजीनामा. ते फक्त त्याच चुलीवर हात पोळलेल्यांना कळतं.

पण म्हणून सगळं इकडचं उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणणार नाही. कारखान्यातला आपला जुना रस्ता, टाइम ऑफिस, मग पगारपत्रक, मग प्लांट एचआर आणि आयआर (युनियनशी वाटाघाटी, म्हणजे औद्योगिक संबंध), हा इथे जवळपास मोडलाच आहे. अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्ह उलरिच यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या विचारांवरून बहुतेक मोठ्या कंपन्यांनी एचआरचे तीन तुकडे केले: वर व्यवस्थापनाला सल्ला देणारे बिझनेस पार्टनर, बाजूला तज्ज्ञ, खाली रोजची कामं उरकणारं शेअर्ड सर्व्हिस सेंटर. हे खालचं सेंटर बऱ्याचदा भारतातच असतं. परिणाम असा, की इथली पंचविशीतली मुलगी कर्मचाऱ्याचा एकही हजेरी-घोळ न सोडवता 'पार्टनर' होते, आणि तिकडचा तिच्या वयाचा मुलगा इंग्लंडातल्या माणसाच्या रजेची ऑनलाइन तक्रार निकाली काढत बसतो, त्या माणसाचं तोंडही न बघता. शिडीची खालची पायरी एका देशात, वरची दुसऱ्या देशात. मधल्या पायऱ्या कुठे आहेत ते मला अजून सापडलेलं नाही. इथे खासगी क्षेत्रात युनियनचे सभासद साधारण बारा टक्के. वेतन कराराच्या टेबलावर कधीच न बसलेले एचआर डायरेक्टर मला भेटलेत.

आपल्याकडे डीएलएल अँड एलडब्ल्यूची, म्हणजे कामगार कायदे आणि कामगार कल्याणाची पदविका संध्याकाळी वर्गाला जाऊन केलेला आणि दिवसा साहेबांबरोबर लेबर कोर्टाच्या तारखांना फिरलेला माणूस अजून आहे. साहेब त्याला कॉरिडॉरमध्ये सांगायचे, "आत गेल्यावर तू बोलू नकोस, फक्त युनियनच्या सेक्रेटरीचा चेहरा बघ." ही शिकवणी कुठल्याही लेव्हल सातमध्ये नाही. ती पिढी आता निवृत्तीला आली आहे, आणि सनदेच्या वादात तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. उलट परीक्षेची सक्ती झाली तर तीच माणसं पहिल्यांदा 'अपात्र' ठरतील.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, याहून थोडक्यात. एका जुन्या सहकाऱ्याने लगेच सुनावलं, "मॅडम, तिकडे गुप्तता पाळतात. आपल्याकडे आज बोललं की उद्या साऱ्या एमआयडीसीत." त्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणूनच मंडळात एकाच वसाहतीतले दोघे नकोत, एकाच धंद्यातले तर नकोतच. कॅमेरा चालू, रेकॉर्डिंग बंद, लेखी काहीही नाही. तिघांनी सुरू करून बघतो म्हटलं, त्यात निवृत्त झालेले एक आयआरवाले साहेबही आहेत. सध्या घोडं अडलंय ते सल्लागार मंडळींवर: प्रॅक्टिस करणारे कन्सल्टंट आत घ्यायचे की नाही. साहेबांचं म्हणणं, अनुभव त्यांच्याकडेच आहे. बाकी दोघांना भीती, की केस ऐकून ते दुसऱ्या दिवशी कोटेशन पाठवतील. मी साहेबांच्या विरोधात मत दिलंय, आणि त्यांनी मला त्यावर अजून उत्तर दिलेलं नाही.