रामदरबाराच्या 'कंपनी नाण्या'चा खुलासा

मालवणच्या आमच्या ग्रुपवर चार दिवस एक फोटो फिरतोय. एका बाजूला रामदरबार, दुसरीकडे 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, दोन आणे', आणि किंमत म्हणे लाखोंत! हे चलनी नाणं नव्हे, पूजेत ठेवायची रामटंका आहे. कंपनीने राम-सीतेची नाणी पाडलीच नाहीत; तिचे चांदीचे दोन आणे आले १८४१ साली. मुंबई इलाख्यातल्या तिच्या तांब्याच्या पैशावर तराजू असे आणि पारड्यांमध्ये फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. शेजारच्या काकींची टंका मी हातात घेऊन पाहिली. अक्षरं विरघळलेल्या गुळासारखी बोथट, कडेला कानस फिरवलेली. म्हणजे साच्यात ओतलेली, खऱ्या नाण्यासारखी ठशाने ठोकलेली नव्हे. देव्हाऱ्यात खुशाल ठेवा. 'विकून देतो' म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्याला मात्र दमडीही देऊ नका.