खुलासा: डांबरी घाटात कायम ‘फोर-हाय’ नको

‘तोरणमाळ घाटात फोर-हाय (इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारा मोड) लावूनच चढा-उतरा, ब्रेकही लवकर लागतो’ असा मेसेज धुळे-नंदुरबारच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. फोर-बाय-फोर थार, जिम्नीत मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून तो फरक निघतो, कोरड्या डांबरावर निघत नाही. सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर येतो. मॅन्युअलही हेच सांगतं. लक्षण ओळखा: तीव्र वळणावर स्टिअरिंग जड होतं, गाडी अडकत-अडकत उड्या मारते, नंतर लिव्हर टू-हायला (फक्त मागच्या चाकांना ताकद) पडत नाही. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, ताण सुटतो. आणि ब्रेक चारही चाकांना मुळातच असतात. उतारावर खालचा गिअर धरा. फोर-हाय काळ्या मातीच्या गाऱ्यासाठी, तापीकाठच्या वाळूसाठी ठेवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.