धर्मकाट्यावरचा धर्म

काल गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तेच सुरू झालं. एकाने टाकलं की 'धर्मनिरपेक्ष' हा शब्दच चुकीचा, कारण धर्म म्हणजे कर्तव्य, आणि कर्तव्य सोडून माणूस जगणार कसा. धडाधड अंगठे पडले. त्याच भाऊने रात्री लिहिलं, 'फटाके आपल्या धर्माच्या दुकानातूनच घ्या'. आता बाप्पा, सकाळी धर्म म्हणजे कर्तव्य होतं ना, मग हे कर्तव्याचं दुकान कुठं उघडलं?

शाळेत पाण्याचे गुणधर्म शिकलो, घरात शेजारधर्म ऐकला, दारावर येणारा 'धर्म करा माय' म्हणायचा, आणि कापसाचा ट्रॅक्टर जिनिंगवर नेताना ज्याच्यावर चढवतो तो धर्मकाटा. यात कुठं हिंदू-मुसलमान येतं का? धर्मकाटा म्हणजे जिथं वजनात पाप होत नाही तो काटा (होतं का नाही ते कापूसवाल्याला विचारा, मी बोलत नाही).

पण हातात फॉर्म आला की तोच धर्म गुपचूप 'रिलीजन' होऊन बसतो. आजीचा एक सरकारी फॉर्म भरत होतो, विचारलं धर्म काय लिहू, तर म्हणे लेवा पाटील. म्हटलं, ती जात झाली व माय. तर माझ्याकडे बघून म्हणते, "मंग धरम काय येगळा ऱ्हातो का रे?" मी हिंदू लिहून मोकळा झालो, तिला काही पटलं नाही.

घोळ आजचा नाही. अशोकाचा कंदाहारचा शिलालेख 1958 साली सापडला, त्यात ग्रीकमध्ये धम्माला (धम्म म्हणजे आपला धर्मच) 'युसेबिया' म्हटलंय, म्हणजे भक्तिभाव, आदर असं काहीतरी, आणि शेजारच्या अरामाईक (पश्चिम आशियातली जुनी भाषा) मजकुरात त्याच जागी 'सत्य'. एकाच राजाचा एकच शब्द, दोन भाषांत दोन अर्थ. बाबासाहेबांनी धम्म हा शब्द रिलीजनपासून वेगळा ठेवला तो काही उगाच नाही.

आणि ते 'सेक्युलर'. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आलं, हिंदी प्रतीत 'पंथनिरपेक्ष' आहे, मराठीत 'धर्मनिरपेक्ष'. ग्रुपवाले म्हणतात हिंदीसारखं करा. पण आमच्याकडे नुसतं पंथ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर महानुभाव येतात, गावात वाचून दाखवलं तर अर्ध्यांना वाटेल सरकारचं त्यांच्याशी काही वाकडं आहे! मला मराठीचाच शब्द बरा वाटतो, सरकारने माणसाचा धर्म बघून काम करू नये एवढंच त्यात आहे, कर्तव्य सोडा असं कुठं म्हटलंय? शब्द दोन्ही अर्थांनी वापरा ना, पण एकाच वाक्यात अर्धं वजन या मापाने आणि अर्धं त्या मापाने करू नका, कापसात असं केलं तर आपण व्यापाऱ्याला सोडतो का?

अजून एक, श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, नैवेद्याचे रोट होतात, अख्खी भाऊबंदकी गोळा होते, पण त्याला आमच्या घरात कोणी धर्म म्हणत नाही, 'रीत' म्हणतात. रीत मोडली तर आजी महिनाभर बोलत नाही. तुमच्याकडे काय म्हणतात त्याला? नंदुरबारकडच्यांनी पण सांगा.