निर्धास्त झोपेसाठी काही सूचना

वडोदऱ्यात राहून रात्री निर्धास्त झोप हवी असणाऱ्यांनी सर्वप्रथम स्मरणशक्तीचा बंदोबस्त करावा. 26 जानेवारी 2001 रोजी सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात फडताळावरचे पितळी डबे एकमेकांवर आपटू लागले, तेव्हा आजीने रामरक्षा पुटपुटत न्हाणीघरातल्या बंबातली जळती लाकडे आधी ओढून काढली आणि मगच ती रस्त्यावर आली, असला तपशील डोक्यात साठवू नये. भूकंपाचे केंद्र तीनशेहून अधिक किलोमीटरवर, कच्छमधल्या भचाऊकडे होते; तरी आमचे काका अर्ध्या गालावर दाढीचा साबण घेऊन चौकात उभे होते. (उरलेली दाढी त्यांनी त्या दिवशी केलीच नाही, हेही विसरावे.)

आठवण पुसली गेली नाहीच, तर निदान ती तापीकाठच्या काकरापार अणुवीज केंद्राशी जोडू नये. भुजच्या त्या धक्क्यातही ते केंद्र चालू राहिले होते, आणि एकदा पास झालेल्याला पुन्हा परीक्षेला बसवणे आपल्या संस्कारांत बसत नाही. तिथे आता 700 मेगावॅटच्या दोन स्वदेशी अणुभट्ट्याही आल्या आहेत. त्यांचा अभिमान बाळगावा, शंकेला जागा उरणार नाही इतका बाळगावा.

जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राचा विषय निघालाच, तर ‘आपल्याकडे कुठली आली त्सुनामी?’ असे म्हणून शेव-उसळ मागवावी. 11 मार्च 2011 च्या भूकंपात तिथल्या चालू अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद झाल्या होत्या; पण बंद होताक्षणीही अणुभट्टीत मूळच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होतच असते, ती पुढे कित्येक दिवस पाणी खेळवून काढावी लागते, आणि त्यासाठीची बहुतेक डिझेल जनित्रे तळघरांत पाण्याखाली गेली, हे ऐकून उसळ घशाखाली उतरत नाही. मग जून 1994 च्या अतिवृष्टीत, समुद्राची मदत न घेता, काकरापारच्या टर्बाइनच्या इमारतीत पाणी शिरले होते, तेही आठवते. तिथल्या पहिल्या अणुभट्टीत शीतक नळीतून, भट्टी थंड ठेवणाऱ्या जड पाण्याची गळती झाली ती 2016 च्या 11 मार्चलाच. हा दोष पंचांगाचा समजावा आणि जनित्रे किती उंचीवर ठेवली आहेत, हे कोणालाही विचारू नये.

आमच्या आजीला ही शिस्त कधी जमली नाही. तासाभराने सगळे घरात परतले, लाकडे केव्हाच विझली होती. तरी तिने पदराने धरून बंबाची तोटी चाचपली आणि दुपारपर्यंत पोरांना न्हाणीघरात पाऊल टाकू दिले नाही.